उंबऱ्यावरची जागल

त्रिशरण म्हणताना 'शरण' या शब्दापाशी माझा आवाज खाली जायचा. बाकीचं सगळं खणखणीत म्हणायची, पण तिथे आलं की नुसते ओठ हलवायची. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. वाढले ती सभांमध्ये, पत्रकांच्या शाईच्या वासात. वाकू नका, मागू नका, हक्कानं घ्या, हे मला मुळाक्षरांच्या आधी आलं. मग रोज संध्याकाळी विहारात बसून 'शरण जाते' कशासाठी म्हणायचं? भंतेजींना विचारलं तर ते हसून म्हणायचे, "म्हणत राहा." त्या हसण्याचाही मला राग यायचा. पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. आमच्यात चमत्कार मानत नाहीत, आणि मीही मानत नाही.

लग्न होऊन नागपुरात, जरीपटक्याच्या पलीकडच्या आमच्या वस्तीत आले आणि मी विहारात गरोदर बायांचा व्यायाम वर्ग सुरू केला. महिला मंडळाच्या शिबिरात शिकून आले होते. या वस्तीतल्या बाया सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, पाठीचा कणा धनुष्य होईपर्यंत. नळाला पाणी आलं की कमरेवर गुंड-हंडे. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर जेवण. आणि बाळंतपणात बाई गेली की म्हणायचं, तिचं नशीब. माझ्या पहिल्या पत्रकाची पहिली ओळ होती, 'गरोदर बाई म्हणजे ओझ्याचा बैल नव्हे.' ती वाचून विहार समितीतले दोन पुरुष माझ्याशी बोलेनासे झाले. सासवा तर तोंडावरच म्हणाल्या, "काहून वं, आमी शेतात निंदता निंदता बाळंत झालो, आमाले कोनं शिकवला व्यायाम? दिवसभर पानी भरते, तो काय आराम हाय का?" मी म्हणाले, "तो व्यायाम नाही, ती मजुरी आहे. आणि तीही फुकटची." तरी शेवटी त्यांनी सुना पाठवल्या. 'व्यायाम' हा शब्द सरकारी वाटतो, म्हणून. नर्सबाई येऊन बोलून गेल्या होत्या, त्यामुळे तो औषधासारखा घ्यायचा असतो असं त्यांना वाटलं.

दुपारी, नळ यायच्या आधी, आम्ही विहारात जमायचो. भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसणं, घोटे फिरवणं, मांजरीसारखी पाठ ताणणं, श्वास. शेवटी थोडा वेळ अंग सैल सोडून पडायचं. मूर्तीकडे पाय नकोत म्हणून डोकी मूर्तीकडे आणि पाय दाराकडे. आणि पडल्या की साऱ्या झोपून जायच्या. साऱ्या म्हणजे साऱ्या, घोरत. मला संताप यायचा. मी शिबिरात शिकून आले, समितीशी भांडले, ते काय यांना दुपारची झोप मिळावी म्हणून? एकदा टाळ्या वाजवून उठवलं, तर शेवंता म्हणाली, "ताई, तुमी आमाले वाकवा, बसवा, काही बी करा. पन हे शेवटचं नका तोडू. घरी आडवी झाली तर सासू लोटा आपटते. इथं व्यायाम म्हनून निजता येते." शेवंताचं हे चौथं बाळंतपण होतं आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट होती. त्यानंतर मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग शेवंतानंच रीत घालून दिली. एकीनं उंबऱ्यावर, झोपलेल्यांच्या पायांशी बसायचं. एखादी सासू फाटकातून येताना दिसली की खोकायचं, म्हणजे बाकीच्या उठून घोटे फिरवायला लागायच्या. बसणारी प्रत्येकीला सांगायची, "निज वं, मी जागी आहो." एवढं ऐकलं की नवी आलेली पोरगीही डोळे मिटायची. शेतावर रात्री पिकाची जागल करतात, तशी ही बायांच्या झोपेची जागल. मी मात्र कधीच आडवी झाले नाही. शेवंता चिडवायची, "तुमी कवा निजसान? का ताईच्या पोटात पत्रक हाय, पोरगं नाही?" मलाही दिवस गेले होते तेव्हा. मी म्हणायची, मला दिवसा झोप येत नाही. खरं म्हणजे कुणाच्या भरवशावर डोळे मिटणं मला येतच नव्हतं.

सातवा सरत आला होता. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वर्गातच, उभ्या उभ्या, मला रक्त जायला लागलं. दुखलं काहीच नाही. शेवंतानं सायकल रिक्षा आणली आणि मला सरकारी दवाखान्यात पोचवलं. नळाची वेळ झाली म्हणून तिला लगेच परत फिरावं लागलं. जाताना ती रडत होती. खाट नव्हती. व्हरांड्याला लागून जमिनीवर गादी मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार खाली सरकलेली आहे, ती पहिल्यापासूनच तशी असणार. हालायचं नाही, नुसतं पडून राहायचं, जितके दिवस निघतील तितके बाळाच्या पदरात. सासूबाई आल्या आणि पायाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "घे आता व्यायाम! दुसऱ्याच्या सुना वाकवून राहिली होती, सोताच्या लेकराचं काय केलं?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा समजावलं. सासूबाईंनी दोन्हीदा मान हलवली आणि पुन्हा आल्या नाहीत.

नवऱ्याला मिलमधून सुटल्यावर भेटीच्या वेळेपुरतंच आत सोडायचे. बाकी वेळ मी, छताचा फिरत नसलेला पंखा, आणि एवढ्या मोठ्या वॉर्डाला पळून पळून थकलेली एक सिस्टर. मला एकच धास्ती होती. न दुखता रक्त जातं. मी झोपले आणि ते पुन्हा सुरू झालं तर? कळणार कुणाला? म्हणून मी झोपत नव्हते. डोळे लागायला आले की स्वतःला चिमटे काढायची. मनात भांडणं चालायची, दवाखान्याशी, सासूबाईंशी, देव म्हणून जे कोणी कुठे असेल त्याच्याशी. शेवटी भांडायलाही ताकद उरली नाही. बाळ हललं की मोजून घ्यायची आणि पुन्हा जागी.

त्या दिवशी सकाळीच समोरच्या खाटेभोवती पडदा ओढला होता, बरीच धावपळ झाली होती. दुपारी त्या खाटेच्या उशाशी असायची ती बाई येऊन माझ्या पायांशी जमिनीवर बसली. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, मांडीवर कपड्यांचं बोचकं. आपण सावनेरकडच्या, लेकीला घेऊन आलो, एवढंच म्हणाली. लेक कशी आहे विचारलं तर "हाय" म्हणाली आणि पदराचं टोक पाण्यात भिजवून माझ्या तळपायांवर ठेवलं. ती कोणत्या जातीची, घरी कोणता देव पुजते, मी विचारलं नाही. आमच्या वस्तीत पाणी प्याली असती की नाही, कोण जाणे. तिनंही मला काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "किती दिवसाची जागी हायेस वं माय? निज. मी जागी आहो."

कुठलीही आई लेकराला हेच म्हणते. त्यात नवल काही नाही. पण माझ्या आत काहीतरी सुटलं. मी चिमटा काढला नाही, भांडले नाही. तिचा हात घोट्यावर होता. मी डोळे मिटले आणि झोपले.

जाग आली ती तिच्या ओरडण्यानं. "सिस्टर! पाय गार पडून राहिले हिचे! रक्त चाललं पोरीचं!" मला काहीच कळलं नव्हतं, दुखलंही नव्हतं. या उन्हाळ्यात पाय गार पडले ते तिच्या हाताला कळलं. मग ढकलगाडी, दिवे, नाकावर काहीतरी.

मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत श्वास घेत होती. मी शुद्धीवर येऊन तिला पाहीपर्यंत तो थांबला होता. मूठभर चेहरा, कपाळ माझ्या आईचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर तूही नसतीस.

बोलता यायला लागल्यावर मी वॉर्डातल्या आयाला विचारलं, माझ्याजवळ बसलेली ती माय कुठे आहे? आयानं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "तिची पोरगी तं सकाळीच गेली न बाई. पोटातल्यासकट. जावई कोळशाच्या खदानीत, तो गाडी घेऊन येईपर्यंत थांबायचं होतं तिले. मी म्हनलं बाहेर सावलीत बस. तं म्हने, ते पोरगी एकटी जागी हाय, तिच्यापाशी बसतो." मला आत नेल्यावर थोड्या वेळानं गाडी आली आणि ती लेकीला घेऊन निघून गेली. नाव कुणाला माहीत नव्हतं.

माझं लेकरू वाचलं नाही, म्हणून काही जण विचारतात, ती माय येऊन बसली यात कृपा कसली? मी वाद घालत नाही. वाद घालणं मला येतं, पण इथे घालत नाही. त्या दवाखान्यात एकाच सिस्टरवर एवढा वॉर्ड का, हे मी विचारते, लेखी विचारते, विचारत राहीन. राग गेलेला नाही, तो जाऊही नये. पण ज्या दुपारी माझं सगळं बळ संपलं होतं, त्या दुपारी जिचं सगळं गेलं होतं ती बाई माझ्यासाठी जागी राहिली. बुद्ध म्हणजे जागा झालेला, हे लहानपणापासून पाठ होतं. जाग्या माणसाच्या भरवशावर डोळे मिटणं म्हणजे शरण जाणं, हे जमिनीवरच्या त्या गादीवर कळलं.

वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. पत्रकात अजून 'व्यायाम'च लिहिते, कारण 'विश्रांती' लिहिलं तर एकही सून येणार नाही. परत गेले त्या दिवशी शेवंता मांडीवर तान्हं घेऊन उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्यासाठी सतरंजी झटकली. मी मूर्तीकडे डोकं करून बायांच्या रांगेत आडवी झाले.

आता वंदनेत 'शरण' म्हणताना आवाज खाली जात नाही. वंदनेच्या शेवटी आपण आपलं पुण्य दुसऱ्याला वाटून देतो. नाव घ्यायची वेळ आली की मी 'सावनेरची माय' म्हणते. तेव्हा रोज एकच चित्र समोर येतं. उन्हातला तो रस्ता, गाडीत लेकीजवळ बसलेली ती, मांडीवर ते बोचकं. तिला कुणी म्हणालं असेल का, निज वं, मी जागी आहो? कुणी म्हणालं नसेल तर तेवढं तरी माझ्या पुण्यातून तिच्यापर्यंत पोचावं.