न कापलेली पाटी

वाहन नोंदणी कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये तो सव्वीस वर्षं नंबरप्लेट ठोकत होता. सगळे त्याला आकडेशास्त्री म्हणत. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे जिल्ह्याचे, मग मालिकेची अक्षरं, शेवटी चार आकडे. ओ आणि आय ही अक्षरं मालिकेत घ्यायचीच नाहीत, शून्याशी आणि एकाशी घोटाळा होतो. नुसती पाटी बघून गाडी कुठली, किती वर्षांची, हे तो सांगायचा. पाहुणा दारात आला तरी आधी त्याच्या गाडीचा नंबर वाचणार, मग 'या' म्हणणार. बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

लेकीच्या स्कूटरच्या पाट्याही त्यानेच ठोकल्या होत्या. चौदा महिन्यांनी एका वळणावर स्कूटर ट्रकखाली गेली आणि लेकही गेली.

नियम असा, की गाडी मोडीत निघाली की तिचा नंबर कायमचा बंद. दोन्ही पाट्या शेडमध्ये कापायच्या आणि रजिस्टरवर सही करायची. ते काम त्याचंच. पुढची पाटी त्याने डोळे मिटून यंत्राखाली धरली. मागची काही केल्या धरवेना. ती त्याने टेबलाच्या खणात सारली आणि 'दोन्ही कापल्या' म्हणून सही ठोकली. एवढ्या नोकरीतली ती पहिली खोटी सही.

पुढे तो महिनाभर आजारी होता, तेव्हा कुणीतरी खण साफ केला. पाटी अख्खीच्या अख्खी भंगारात गेली.

आणि एका सकाळी सिग्नलला तोच नंबर त्याच्यापुढे उभा! स्कूटर भलत्याच रंगाची, वर कामावर निघालेला कुणी टायवाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो मुद्दाम त्या चौकात थांबू लागला. नंबर दिसला की दिवस बरा जायचा, नाही दिसला तर घास घशाखाली उतरत नसे.

भंगारातली बंद नंबरची पाटी लावलीय म्हणजे गाडी चोरीची, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पण तक्रार केली की पहिला प्रश्न, पाटी कापली कुणी? नोकरी जाणार. अर्थात तो बहाणाच होता, आणि त्याला ते ठाऊक होतं. तक्रार केली की पाटी परत शेडमध्ये येणार आणि या वेळी खरंच कापली जाणार, ते त्याला सोसणार नव्हतं.

शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती रडेल, निदान भांडेल तरी, असं त्याला वाटलं होतं.

"हेल्मेट घालतो का तो?" तिने विचारलं.

"नाही."

"कधीच नाही?"

"मी बघतोय तेव्हापासून तरी नाही."

तिने ताट बाजूला सारलं. "मग उद्याच तक्रार द्या. नोकरी गेली तर जाऊ दे. आपली लेकही तशीच उघड्या डोक्याने जायची, आपण तिला एकदा तरी दारातच अडवायला हवं होतं हो."