विल्फच्या खुर्चीचं मतदान

ग्लेंडा कार्टमेल एकोणीस वर्षं इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवत, न्हाऊ घालत आणि त्यांची बोलणी खात आली होती. पण त्या एका कागदाने तिला जेवढं दमवलं, तेवढं कुणी दमवलं नव्हतं. वरिष्ठ सेविका व्हायचं तर प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्रासाठी तो कागद भरायला हवा. त्यावर चार रकाने होते: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्परांविषयी आदर. खाली प्रश्न होता, ही ब्रिटिश मूल्यं तुमच्या कामात आणि रोजच्या जगण्यात का महत्त्वाची आहेत? स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या.

"मी बेडपॅन उचलते," ती परीक्षक मिस हॉल्डनना म्हणाली. "त्यात लोकशाही कुठून आणू?"

"छोटंसं काहीही चालेल हो," मिस हॉल्डन म्हणाल्या. "एखादं मतदान घ्या ना. मी महिन्याने येते, तोवर होईलच."

मतदानाला विषय आयता मिळाला. मिसेस इंगम म्हणून एक नवीन बाई राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी बैठकीच्या खोलीत विल्फ थ्रेलफॉलच्या खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्च्यांवर नावं नव्हती, पण कोपऱ्यातली ती खुर्ची सहा वर्षं विल्फची होती आणि हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं. विल्फ दारात आला, थबकला. मग "वा, आज हवा बरी आहे," असं म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसला. बाकीचे नऊ जण चहाच्या कपात बघत राहिले. मिसेस इंगमना कुणी एक अक्षर सांगेल तर शपथ.

तीन दिवस असेच गेल्यावर ग्लेंडाने सगळ्यांना गोळा केलं. "कोपऱ्यातली खुर्ची कुणाची, हे आपण लोकशाहीने ठरवू," ती म्हणाली. "मिसेस इंगमच्या बाजूने कोण? हात वर करा."

पहिला हात विल्फचा. स्वतःच्या खुर्चीसाठी स्वतःच भांडणं म्हणजे अगदीच निर्लज्जपणा, असं मानणाऱ्या पिढीतला तो. त्याचा हात वर गेल्यावर बाकीच्यांनी नवीन बाईंना नाही कसं म्हणायचं? नऊ हात वर गेले. आणि सगळे इतक्या प्रेमाने देतायत तर नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून मिसेस इंगमनीही आपला हात अर्धा उचलला. अकरा विरुद्ध शून्य. ग्लेंडाने पहिला रकाना झोकात भरला.

त्यानंतर विल्फने बैठकीत येणं सोडलं. आधी चहाला येईना, मग जेवायलाही येईना. ग्लेंडा ताट वर त्याच्या खोलीत न्यायची आणि बरंचसं तसंच परत आणायची. शुक्रवारचे मासे आणि चिप्ससुद्धा त्याने टाकले तेव्हा तिने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. दोन आठवड्यांत त्याचं वजन तीन किलो उतरलं होतं.

"खुर्चीमुळे का?" तिने विचारलं.

"छे गं पोरी. मला काय, कुठेही चालतं."

"मग खाली का येत नाही?"

"इथे बरं वाटतं."

हे ती त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून विचारत होती आणि प्रत्येक प्रश्न तिला दोनदा विचारावा लागला होता. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मासेमारीच्या बोटीवर इंजिनाशेजारी जन्म काढल्याने विल्फचा उजवा कान पार गेला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या कानाशी भिंत यायची आणि चांगला कान सगळ्यांकडे असायचा. दाराजवळ बरोबर उलटं. तिथे तो माणसांत बसूनही एकटाच असायचा, आणि हे तोंडाने सांगणार कोण? उगाच तमाशा नको ना.

आता ग्लेंडाला काहीच कळेना. मत विचारलं होतं. नियम पाळला होता. जो तो आपल्या मर्जीने वागला होता, आणि आदर तर इतका झाला होता की एक म्हातारा उपाशी राहायला लागला होता. चारही रकाने भरतील असा मामला, आणि तिला मात्र चोरी केल्यासारखं वाटत होतं. बरं, निकाल आवडला नाही म्हणून फिरवायचा, तर ती कसली लोकशाही? दोन दिवस ती हेच चघळत राहिली. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "अजून एक खुर्ची आणा की." कोपरा एकच आहे हे त्याला कोण सांगणार.

शेवटी तिला आठवलं की खऱ्या मतदानाला कुणी हात वर करत नाही. आडोशाला जायचं, पेन्सिलीने फुली मारायची, घडी घालायची. तिने आंघोळीच्या खोलीतला पडदा आणून उभा केला, बिस्किटांच्या डब्याला फट पाडली आणि विल्फला हाताला धरून खाली आणलं. "मागच्या वेळी पद्धत चुकली होती," ती सगळ्यांना म्हणाली. "कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. मलासुद्धा नाही."

चिठ्ठ्या निघाल्या. विल्फला दहा, मिसेस इंगमना एक.

म्हणजे पडद्याआड सगळ्यांना खरं बोलता आलं होतं. मग ही एक कुणाची? ग्लेंडाने चिठ्ठी उजेडात धरली. फुली इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता. बिंगोच्या खेळात आकड्यांवर फुल्या मारताना असे फाटलेले कागद ती दर आठवड्याला बदलून देत असे, एकाच माणसाला. तिने चिठ्ठी खिशात घातली.

"एकाने तरी बाईंना मत दिलंय," विल्फ अवघडून म्हणाला. "मी तिथे बसलो तर त्याला वाईट वाटेल."

ग्लेंडाने खिशातली चिठ्ठी आणखी आत ढकलली. गुप्त म्हणजे गुप्त.

तेवढ्यात मिसेस इंगम कोपऱ्यातून उठल्या. "बसा हो तुम्ही. तीन आठवडे माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय. पण तुम्ही सगळ्यांनी एवढ्या आपुलकीने दिली, उठू कशी?"

विल्फ बसला आणि दुपारी कस्टर्ड दोनदा मागून खाल्लं. ग्लेंडाला हायसं वाटलं. गोंधळ मात्र होता तिथेच होता. लाजेखातर माणूस चारचौघांत हात वर करतो, हे समजलं. पण पडद्याआड, कुणी बघत नसताना स्वतःविरुद्ध फुली कशाला?

बाकीचे पांगल्यावर ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. तोच आपणहून बोलला.

"मी इथे आलो तेव्हा या खुर्चीत सिरिल बूथ बसायचा. आठवतो?"

"आठवतो ना."

"मला बघून उठला. म्हणाला, बस, मला कुठेही चालतं. मी बसलो. त्याला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं."

ग्लेंडाला सिरिल चांगलाच आठवत होता. तो पुढे खोलीतच जेवायचा आणि वसंत ऋतू यायच्या आत गेला. चार महिने त्याचं ताट वर नेणारी तीच होती. त्याला एकांत आवडतो, असं ती धरून चालली होती. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

बाहेर मिस हॉल्डन कागद घ्यायला येऊन थांबल्याचा निरोप आला. ग्लेंडाला तो ऐकू आला, पण तिच्याने उठवेना.