धाकटीचे अकरा फोटो

फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत ती बसते. एक संगणक, एक टेबलफॅन, उशी बांधलेली खुर्ची. तीस वर्षं ती लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढते आहे. आधी ब्रशने, आता माउसने. सगळे तिला डागमावशी म्हणतात. नोकरीच्या अर्जांसाठी फोटो काढायला गेले आणि तिची माझी ओळख झाली. अर्ज बरेच करावे लागले, त्यामुळे ओळख वाढली.

जीभ तिखट. नाक बारीक करून मागणाऱ्या एका गृहस्थांना ती म्हणाली, "नाक वडिलांनी दिलंय ना? मग मी कोण त्याला कात्री लावणारी?"

कामाची तिची एक शिस्त आहे. चेहरा चारशे टक्के मोठा करायचा आणि आधी डोळे बघायचे. बाकीचं नंतर.

तिला एक धाकटी बहीण. आई लवकर गेली, म्हणून मावशीनेच तिला वाढवलं आणि हेच काम शिकवलं. लग्न करून धाकटी दुसऱ्या शहरात गेली. तिथे छापखान्यात तिचाही माउस चालतो. फोन रोज व्हायचा. पण आठ महिने झाले, ती आली नव्हती. "रजाच मिळत नाही गं ताई." मावशी निघते म्हणाली की तिथे घराची डागडुजी निघायची.

मावशीचा फोन साधा, बटणांचा. धाकटी फोटो टाकायची एका ॲपवर. मी माझ्या मोबाइलवर ते दाखवायचे, मावशी डोळे बारीक करायची.

"हा चेहरा आहे की वाटाणा?"

म्हणून मंगळवारी दुपारी मी ते तिच्या संगणकावर उघडलं.

"मोबाइलचं ॲप इथे कसं गं?"

"ब्राउझरमध्ये उघडतं, मावशी. बघायला पुरतं."

धाकटी पडदाभर आली. बागेत. तळ्याकाठी. छापखान्याच्या दारात.

"आत्ता कशी माणसाच्या मापाची झाली!" मावशी म्हणाली. बागेतला फोटो तिला छापून भिंतीवर लावायचा होता. माउसचं उजवं बटण दाबून झालं. फोटो उतरवून घेता येईना.

"सोयच ठेवली नाही मेल्यांनी." तिने कीबोर्डवरून पडद्याचंच चित्र घेतलं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं. सवयीने चारशे टक्के केलं. सवयीने डोळे पाहिले.

हात थांबला.

"हा बागेतला ना?"

"हो. मागे झाडं आहेत की."

"मग डोळ्यांत आकाश हवं."

मी वाकून पाहिलं. दोन्ही बुबुळांत दोन-दोन पांढरे ठिपके होते. डावीकडचा गोल, उजवीकडचा चौकोनी.

"डावीकडे छत्रीचा दिवा, उजवीकडे पेटीचा," मावशी म्हणाली. "हे आपले दिवे आहेत."

मी दारातून बाहेरच्या खोलीत पाहिलं. छत्री. पेटी.

"गेल्या वर्षी आली होती तेव्हा इथेच बसवून पाच-पन्नास फोटो काढले होते. पेन ड्राइव्हवर दिले. चेहरा त्यातलाच."

मग तिने एकेक करून अकराही फोटो मोठे केले. सगळ्यांत गोल आणि चौकोन.

"मानेपाशी जोड बघ. छान घेतलाय. मी शिकवलाय तसाच." स्वर एकदम सपाट. "धड तिचंच आहे. हा निळा स्वेटर मी विणला. तिला घट्ट व्हायचा." ती थांबली. "इथे खांद्यावरून ओघळतोय."

काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवली. आम्ही दोघीही उठलो नाही.

मावशीने फोन लावला, स्पीकर चालू केला.

"काय गं ताई, आज दुपारीच?"

"बागेतला फोटो पाहिला."

"कसा आलाय?"

"डोळे बदलायला विसरलीस."

पंखा तेवढा फिरत होता.

"मोबाइलवर दिसत नाही ते," धाकटी शेवटी म्हणाली. "तू संगणकावर बघशील असं वाटलंच नाही."

"काय झालंय?"

"ताई, ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. काय झालंय?"

"गाठ होती. काढली. आता औषधं चालू आहेत, सलाइनमधून. केस गेले सगळे. भुवयासुद्धा." मग घाईघाईने, "बरी आहे गं मी. डॉक्टर म्हणतात उतार आहे. तुझं बीपी, म्हणून नाही सांगितलं."

"माझ्या बीपीचं नाव घेऊ नकोस, कार्टे. आत्ता आहेस तशी फोटो काढ. हिच्या मोबाइलवर पाठव. हात लावलास तर कळेल मला."

दहा मिनिटांनी फोटो आला. मी तो संगणकावर घेतला. खाटेवर बसलेली एक बाई. मी तिला ओळखलं नसतं. मावशीने मोठा केला. आधी डोळे पाहिले. त्यांत एक खिडकी होती आणि मोबाइल धरलेला हात.

मग ती फोटोत वर सरकली. डाव्या कानाच्या वर, उघड्या डोक्यावर, एक तीळ होता. मावशीने त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर.

"न्हाऊ घातलंय हिला मी," ती म्हणाली. "हा मला माहीत नव्हता."

बराच वेळ बोट तिथेच होतं. बाहेर घंटी पुन्हा वाजली.

"त्यांना सांग, आज काम बंद," मावशी म्हणाली. "आणि गाडी बघ. उद्याची नको. आत्ताची."