वेंडलची भिंत

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या भागात निम्म्या घरांच्या आतल्या भिंती वेंडल स्टॅम्परने उभ्या केल्या आहेत. माझ्या बंदुकांच्या दुकानाच्यासुद्धा. जिप्समचे बोर्ड खांद्यावर घेऊन चाळीस वर्षं तो शिड्या चढला आणि त्यात उजवा खांदा कायमचा गेला. भुवयांत सदा पांढरी भुकटी. दुकानात पाऊल टाकलं की आधी भिंतीवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "डेल्मर, तुझ्या दुकानात सरळ अशी ही एकच वस्तू बघ."

त्या ऑक्टोबरात आला तेव्हा त्याने टिचकी मारली नाही. "घरात ठेवायला बंदूक हवीय," म्हणाला. "कार्बाइन घेऊ का रायफल?"

कुणाच्या भीतीने, हे मी विचारलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याची मुलगी डार्ला दुखण्याच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि तिथून आणखी वाईट नशेच्या. तिची सात वर्षांची पोर जोसी कोर्टाने आजोबाच्या ताब्यात दिली. डार्लाने दोनदा बापाचंच घर फोडलं. पहिल्यांदा मेलेल्या आईची अंगठी नेली. दुसऱ्यांदा, भर दुपारी, एका दांडगटाला घेऊन आली. त्याने जोसीच्या देखत वेंडलच्या गळ्याला सुरी लावली. जाताना डार्ला म्हणाली, "पुढच्या वेळी माझी पोर घेऊन जाणार." ती पोर त्या दोघांच्या गाडीत बसली तर तिचं काय होईल, हे वेंडलला झोपू देत नव्हतं.

"शेरीफला फोन करून बघ ना," मी म्हणालो.

"केला होता. पन्नास मिनिटांनी आला. तोवर माझी कॉफीसुद्धा गार झाली होती."

आमच्या दुकानात कॉफीच्या किटलीपाशी रुएल नावाचा एक म्हातारा कायम बसलेला असतो. खाणीतून निवृत्त झालाय, पण मत द्यायच्या कामातून नाही. तो लगेच म्हणाला, "रायफलच घे, वेंडल. माणूस एका गोळीत बसला पाहिजे."

"हो, आणि बंद खोलीत तिचा आवाज झाला की पोर जन्माची बहिरी," मी म्हणालो. "कार्बाइन घे. आखूड बंदूक, पिस्तुलाचीच गोळी, धक्का कमी, तुझ्या खांद्याला सोसेल."

"पिस्तुलाची गोळी मारायची तर पिस्तूल काय वाईट?" रुएल म्हणाला.

"तुझे हात कापतात तसे त्याचेही कापतात, म्हणून!"

अर्धा तास आम्ही दोघं असे जुंपलो होतो. खरं सांगायचं तर मजा येत होती. असला प्रश्न घेऊन कुणी आलं की आमच्या अंगात येतं. बंदुकीपुढे कोण उभं असणार आहे, ते राहूनच जातं.

वेंडलने आम्हाला भांडू दिलं. मग म्हणाला, "मधे भिंत आहे. स्वयंपाकघर आणि जोसीची खोली यांच्यामध्ये. अर्ध्या इंचाचे दोन बोर्ड, आत पोकळ. पलीकडे तिचा पलंग."

"पिस्तुलाची गोळी संथ असते. भिंतीत अडकेल," मी छातीठोक सांगितलं.

"माझी भिंत तू मला शिकवतोस होय रे?"

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही जुन्या दगडखाणीत गेलो. वेंडलने त्याच्या घरासारख्याच दोन भिंती तिथे उभ्या केल्या होत्या, सांधेसुद्धा भरलेले. दोन्हींच्या मागे पाणी भरलेले दुधाचे प्लास्टिकचे कॅन, जमिनीपासून दीड फुटावर. पलंगाची उंची. मी कार्बाइन उडवली. गोळी दोन्ही बोर्डांतून गेली, कॅन फोडला आणि मागच्या मातीत घुसली. रुएलने रायफल उडवली. गोळीचे तुकडे झाले खरे, पण त्या तुकड्यांनी कॅनच्या चिंध्या केल्या.

वेंडल वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. "यातली कुठली थांबते, सांग की आता."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "मग भिंतच जाड कर ना! त्यात तुझा हात धरणारं कोण आहे?"

थट्टेत बोललो होतो. त्याचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदाच.

त्याने कार्बाइन घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला. खांदा चालत नव्हता म्हणून मी बोर्ड उचलायला जायचो. दोन्ही बाजूंना चार-चार बोर्ड, मधल्या पोकळीत वरपर्यंत खडी ठासलेली, आणि खोलीला ओकचं भरीव दार. जोसी पायात लुडबुड करायची. काम संपलं तेव्हा वेंडलने तिला आत पाठवून दार लावलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात कान देऊन उभे राहिलो. आतून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने दार उघडून ती लालबुंद चेहऱ्याने बाहेर आली. "पॅपॉ, मी किती ओरडले! ऐकू नाही आलं?"

"नाही गं माझी बाय," आजोबा हसत म्हणाला.

"आवाज जात नाही म्हणजे गोळीही जाणार नाही," मी म्हणालो. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी जोसी शाळेतून आली आणि चित्रं काढायला खोलीत गेली. वेंडलने चुलीवर घेवडा चढवला, ओव्हनमध्ये मक्याचा पाव ठेवला आणि पुढच्या दाराकडे तोंड करून कार्बाइन मांडीवर घेऊन बसला. रोज बसायचा तसाच. घेवडा शिजल्यावर तिला हाक मारायला उठला.

खोली रिकामी होती. मागची खिडकी सताड उघडी. मागे टेकडीचा चढ आहे, तिथून खिडकी जेमतेम कमरेला लागते. तीन माणसांनी महिनाभर डोकी चालवली ती गोळीवर. खिडकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

भिंतीच्या नव्या पांढऱ्या रंगावर जोसीच्या बुटाच्या टाचेचे काळे ओरखडे होते. मी गेलो तेव्हा मोजले, नऊ होते. नेताना पोरीने भिंतीला लाथा मारल्या होत्या, आजोबाला ऐकू जावं म्हणून. आजोबा दहा फुटांवर भरलेली बंदूक घेऊन बसला होता.

नाताळाच्या आधी डार्लाची गाडी वेस्ट व्हर्जिनियात एका नदीकाठी सापडली. आत कुणीच नव्हतं. पोलिसांनी नदी शोधली, फोटो लावले. अजून काही कळलेलं नाही, आणि कळेल असं आता मला वाटत नाही. वेंडलला मी तसं सांगत नाही, पण त्यालाही वाटत नसावं.

मार्चमध्ये त्याने फोन केला, "ये जरा, खांदा चालत नाही." गेलो तर पठ्ठ्याने हातोडा काढून ठेवला होता. दोन दिवस आम्ही ती भिंत उतरवत होतो. खडी बादल्यांनी बाहेर टाकली. टाचेच्या खुणांचा तुकडा त्याने करवतीने कापून निराळा ठेवला. मग पूर्वीसारखे दोन बोर्ड लावले, सांधे भरले. माझा दोष आहे, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

सगळं झाल्यावर त्याने मला जोसीच्या खोलीत पाठवलं आणि दार ओढून घेतलं.

"हाक मार," पलीकडून आवाज आला.

"वेंडल!"

"तशी नाही. ती मारायची तशी."

एकसष्ट वर्षांचा मी बाप्या, त्या रिकाम्या पलंगाशेजारी उभा राहिलो. आणि मारली हाक, "पॅपॉ."

पलीकडून तो म्हणाला, "आलं ऐकू. परत एकदा मार."