आधी छबूचे हात

ताप आला, पाय मोडला, तर शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात, भाकरतुकडा आणून देतात. दुखणं डोक्यातलं असलं की तीच माणसं आपलं दार लावून घेतात आणि दुखणेकऱ्याचं दार बाहेरून लावतात. हे मी कुठं वाचून सांगत नाही. माझ्या आईच्या दाराला बाहेरून कडी होती. ती कडी काढली एका काकणं भरणाऱ्या मणेरणीनं. तिचं नाव मेहताबबी.

मेहताबबी राहात्याची. नवरा पीरमहंमद गावोगाव काकणं विकायचा. तो गेल्यावर तिनं त्याची टोपली डोक्यावर घेतली. मणेरांनी गावं आपसात वाटून घेतलेली असत. पुणतांबा, चितळी आणि मधल्या वाड्यावस्त्या पीरमहंमदच्या, म्हणून त्या तिच्याकडं आल्या. अंगानं काटकुळी, दात मिशरीनं काळे, आणि तोंड विचारू नका. बायका तिला वचकून असायच्या आणि तिच्याकडून चार गावच्या बातम्या ऐकायला हातातली कामं टाकून बसायच्या. हात मात्र लोण्यासारखे मऊ. बोलण्यात गुंगवून, चेपत चेपत ती घट्टातलं घट्ट काकण असं चढवायची की बाईला कळतसुद्धा नसे. माझ्या आईच्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता.

माझी आई छबूबाई. राहात्याची लेक आणि पुणतांब्यात आबासाहेबांची थोरली सून. लढाईचे दिवस होते, रॉकेल कंट्रोलवर मिळायचं, त्या साली मी जन्मले आणि आईची झोप उडाली. झोप नाही, जेवण नाही. हे लेकरू माझं नव्हं, माझं कुणीतरी नदीवर नेलंय, असं म्हणत राहायची. भीमाबाईनं, म्हणजे माझ्या आजीनं, निदान करून टाकलं, "हिला बाहेरचं झालंय." झालं. एकदा बाहेरचं झालंय म्हटलं की घरातले मोकळे. देवरुशी आणला. ओल्या बाळंतिणीला मिरच्यांची धुरी दिली, फोकानं झोडपलं. ती ओरडली तर म्हणे आतलं भूत ओरडतंय.

मग एका दुपारी ती मला कडेवर घेऊन गोदावरीकडं निघाली. धुणं धुणाऱ्या बायकांनी तिला माघारी आणलं. घरच्यांना भीती वाटली, ती खोटी नव्हती, मी नाही म्हणत नाही. पण भीती वाटली तर सोबतीला माणूस ठेवतात, का गुरांच्या दाव्यानं बांधतात? आबासाहेबांनी बांधलं. गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत, दोन्ही हात आवळून. कारण माझ्या आत्याचं, राहीचं, लग्न ठरलं होतं. घरात वेडी सून आहे हे कोपरगावच्या व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडेल. म्हणून गावात सांगितलं, सून माहेरी गेलीय. माहेरी सांगितलं, सून मजेत आहे, लग्नात भेटेलच. भावकीला सगळं ठाऊक होतं आणि सगळी भावकी मूग गिळून बसली होती.

एवढ्या हुशार माणसांनी एक चूक केली. दोन गावांत दोन थापा मारल्या आणि त्या दोन्ही गावांत पायी फिरणाऱ्या बाईला लग्नाची काकणं भरायला बोलावलं.

मेहताबबीनं ओसरीवर टोपली सोडली. भावकीतल्या बायका गोळा झाल्या. राहीनं हात पुढं केला. मेहताबबीनं तो धरून चेपला आणि विचारलं, "थोरली कुठाय? आधी छबूचे हात भरते, मग नवरीचे."

"ती माहेराला गेलीया," भीमाबाई म्हणाली.

"काल राहात्यात तिच्या आईला काकणं भरली मी. ती मलाच इचारत हुती, आमची छबू कशी हाय म्हणून."

नेमकी तेव्हाच मी आत पाळण्यात रडायला लागले.

"लेकरू हितं आन् आई माहेराला?" मेहताबबी म्हणाली. सगळ्या बायका टोपलीतल्या काकणांकडं बघायला लागल्या, जशी काही आयुष्यात काकणं बघितलीच नव्हती. भीमाबाई खाली वाकून तिच्या कानाशी लागली, "बाहेरचं झालंय गं तिला."

"बाहेरचं आसंल तर बाहेर आना," मेहताबबी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मला बी बघू द्या."

आणि कुणी आणायची वाट न बघता ती उठली, गोठ्यातून मागं गेली आणि कडी काढली. आई कडब्याच्या पेंढ्यांत बसलेली होती. केसांत काडीकचरा, लुगडं मळकं. तिनं मेहताबबीला ओळखलं. म्हणाली, "मावशी, काकणं भराया आलीस व्हय?" आणि बांधलेले हात तसेच पुढं केले.

मेहताबबी हे मला सांगायची तेव्हा दर वेळी इथं थांबायची. म्हणायची, "लई हात धरले गं मी. पन त्या हातावर बोट ठिवाया जागा न्हवती." दाव्यानं मनगटं सोलून निघाली होती. तिनं दावं सोडलं, ते हातात घेऊन ओसरीवर आली आणि भीमाबाईच्या पुढ्यात टाकलं.

"हे वळ बाहेरच्यानं उठवले व्हय? हे घरातलंच हाय, भीमाबाई. छबूच्या हातावर काकण चढत न्हाई तवर राहीच्या हातावर बी चढनार न्हाई." आणि तिनं टोपली झाकली.

आबासाहेब बाहेरून आले. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. "मणेरणी, तुला आमच्या घरच्या भानगडी कशाला पायजेत? काकणं भर आन् चालती हो. न्हाईतर दुसरा मणेर आनतो."

"आना की," ती म्हणाली. "मीच पत्ता देते. माझा दीर हाय, कमरुद्दीन."

गडी राहात्याला गेला. कमरुद्दीन भित्रा माणूस. चावडीवरचा शिपाई रस्त्यानं दिसला तरी त्याला घाम फुटायचा. पण तोही म्हणाला, "वहिनीनं जिथं टोपली झाकली, तिथं मी उघडायची न्हाई." हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहत नाही. आबासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात राही म्हणाली, "वैनीला दवापानी केल्याबिगर मी बी हात पुढं करनार न्हाई." भीमाबाईनं तिच्या मुस्काटात दिली. राही गाल चोळत उठली आणि कडब्याच्या खोलीत आईशेजारी जाऊन बसली. ती तिथून हललीच नाही, म्हणून दावं पुन्हा बांधता आलं नाही.

पण दवापाणी कुठं करायचं? ते मेहताबबीलाही ठाऊक नव्हतं. ती टोपली घेऊन वाटेतल्या घराघरांत गेली आणि बायकांचे हात हातात घेऊन विचारत सुटली, बाळंतपणानंतर डोकं फिरलेली कुणी बघितलीय का, आणि ती बरी झाली का. आता ऐका. असं एक घर नव्हतं जिथं कुणी नव्हतं. कुणाची बहीण, कुणाची जाऊ, एका घरात तर खुद्द सासू. कुणी विहिरीत गेलेली, कुणी आपोआप बरी झालेली, कुणाला माहेरी टाकलेलं. प्रत्येक बाईला वाटत होतं हे आपल्याच घरात झालंय. इतक्या बायका एका पाणवठ्यावर रोज भेटत होत्या आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. सांगतील कशा? सांगितलं की लेकीबाळींची लग्नं मोडायची. मला अजून याचा संताप येतो.

चितळीत एका बाईनं दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, "मीच तशी हुते. भावानं नगरला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं बाई डॉक्टर हाय. ती मारत न्हाई." त्या बाईचं नाव मी सांगत नाही. तिनं मेहताबबीला शपथ घातली होती, आणि तिच्या नातवंडांची लग्नं अजून व्हायची आहेत.

मेहताबबी तशीच उलट्या पावली पुणतांब्याला आली. "नगरला न्या," ती म्हणाली. आबासाहेब म्हणाले, लग्नघरातून कोण जाणार? माझे वडील राधाकृष्ण ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. खांब आणि ते, दोघंही काही बोलले नाहीत.

"मी नेते," मेहताबबी म्हणाली. "छबू गाडीत बसली की कमरुद्दीन येऊन नवरीला चुडा भरंल."

आबासाहेबांनी विचार केला. वेडी घराबाहेर जाते, चुडा भरला जातो, लग्न लागतं. त्यांचं काहीच जात नव्हतं. पण अपमान राहिला होता, तो त्यांनी वसूल केला. "ने. पन पुन्यांदा ह्या गावात पाऊल टाकायचं न्हाई. आन् लेकरू हितंच ऱ्हाईल. येडीच्या हातात माझी नात देनार न्हाई."

पुणतांबा हे तिचं सगळ्यात मोठं गाव, अर्धं पोट त्याच्यावर. तिनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आईला घेऊन नगरच्या गाडीत बसली. इकडं कमरुद्दीननं चुडा भरला, वाजंत्री वाजली, आईच्या माहेरी बोलावणंच धाडलं नाही, आणि वऱ्हाडाला सांगितलं, थोरली सून आजारी आईकडं गेलीय.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मनगटं धुऊन बांधली. मग झोपेचं औषध दिलं. आई इतकी झोपली की मेहताबबी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. काही दिवसांनी तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हिच्या हातून काय पाप घडलं व्हय?"

"पाप नाही. बाळंतपणानं काही बायकांना असा आजार होतो. झोप, जेवण आणि जवळ मायेचं माणूस असलं की बहुतेक बायका बऱ्या होतात. तिचं काही चुकलेलं नाही."

"हे पुन्यांदा सांगा," मेहताबबी म्हणाली. "मला घरोघर सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. त्यानंतर मरेपर्यंत ती ज्या घरात गेली तिथं आधी विचारायची, समद्या बाया आल्या का, आत कुनी ऱ्हायली का. आत राहिलेली सापडली की चितळीच्या त्या बाईच्या परसात घेऊन यायची. माझी आई पुणतांब्याहून तिथं जायची. निवडण-टिपण करत त्या बायका एकमेकींजवळ बसायच्या. नगरला कुणी न्यायचं, रात्रीची सोबत कोण करणार, कुणाच्या नवऱ्याशी कोण भांडणार, हे तिथं ठरायचं. गावात त्याला वेड्यांचा बाजार म्हणत. म्हणणारे शहाणे आपापल्या घरातल्या कड्या तेवढ्या सांभाळत होते.

पण हे सगळं पुढचं. आधी आई घरी कशी आली ते सांगते.

पंचमीच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी घरी जायला सांगितलं. मनगटं भरून आली होती. निघायच्या दिवशी मेहताबबीनं तिला काकणं भरली, हिरवीच. गाडी चितळीला थांबली तेव्हा मेहताबबी उतरली. पुढचं स्टेशन पुणतांबा आणि तिथं न जायचा शब्द तिनं दिला होता. आईनं तिचा पदर धरून ठेवला. "मावशी, माझं लेकरू मला देतील का गं?"

"देत न्हाईत," मेहताबबी म्हणाली. "मागावं लागंल. मोठ्यानं माग."

पुणतांब्याला वडील बैलगाडी घेऊन आले होते. घरापुढं गाडी थांबली तशा आळीतल्या बायका दारांत आल्या. तमाशा बघायला त्या नेहमीच वेळेवर. भीमाबाई मला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती.

आई अंगणात उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत्याबाई, मी आजारी हुते. आता बरी हाय. माझं लेकरू मला द्या."

भीमाबाईनं मला छातीशी आवळलं आणि दुसऱ्या कडेवर घेतलं. आईनं पुन्हा मागितलं, तेच शब्द, त्याच आवाजात. आबासाहेब ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले, त्यांनी मान वर केली नाही. माझ्या वडिलांनी बैल सोडायला घेतले.

राही पंचमीला माहेरी आली होती. ती आतून आली, भीमाबाईच्या कडेवरून मला ओढून घेतलं आणि आईच्या हातांत दिलं. खालून तिनं आपलेही हात धरून ठेवले.

मी आईला ओळखलं नाही. मी लाकडासारखी ताठ झाले आणि राहीकडं जायला किंचाळत राहिले. आई तिथंच अंगणात बसली, सगळ्यांदेखत मला पदराखाली घेतलं. दूध आटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी बाजारातून दुभती शेळी आणली. गावभर झालं, सासरा असावा तर असा, सून वेडी निघाली तरी नातीची आबाळ होऊ दिली नाही. आजही पुणतांब्याला गेले की म्हातारी माणसं मला कौतुकानं सांगतात, तुझ्या आज्यानं तुझ्यासाठी शेळी आणली होती बरं का. आईचं दूध कुणी आटवलं, हे त्यांतलं एकही माणूस बोलत नाही.