वहिनीसाहेबांच्या पाया पडायचा सीन

"अजून काळी करा हिला."

दिग्दर्शक हे मेकअपवाल्याला म्हणाला. मी दोन फुटांवर खुर्चीत बसले होते. माझ्याशी बोलला नाही. माझ्या डोक्यावरून बोलला, भिंत रंगवणाऱ्याला सांगावं तसा.

मेकअपवाला म्हणाला, "सर, आधीच डार्क आहे ही."

"असू दे. कामवाली वाटली पाहिजे. आत्ता बालवाडीची बाई वाटतीय."

सगळे हसले. मीपण हसले. अकरा वर्षांची सवय. स्पंज गालावरून फिरला, मानेवरून फिरला. हातांना फासलं. पायांना फासलं. नखांत काळं भरलं.

इंदापूरच्या अलीकडं, उसाच्या मधोमध एका बागायतदाराचा बंगला मालिकेसाठी घेतला होता. मुंबईचे कलाकार हॉटेलात उतरलेले, त्यांना न्यायला-आणायला गाड्या. मी जळोचीहून एसटीनं यायचे. मॅनेजर म्हणाला होता, "तू काय, लोकलच आहेस."

तुम्ही मला पाहिलंय. चहाचा ट्रे घेऊन येते ती मी. दारामागून ऐकते ती मी. मालकीण चिडली की तिच्या हातची थप्पड खाते ती मी. अडतीस वर्षांची असून साठीची म्हातारी केलीय मी. बाजारात भाजी घेताना बायका थांबवतात, "अगं, तू ती मोलकरीण ना?" आणि माझ्याबरोबर फोटो काढतात.

सुरुवात अशी नव्हती. बारामतीत कॉलेजला असताना एकांकिकेत मी वकीलबाई झाले होते. शेवटच्या भाषणाला सभागृह उठून उभं राहिलं. पुढं काही वर्षांनी तेच भाषण घेऊन मुंबईला ऑडिशनला गेले. समोरच्या बाईनं अर्ध्यात हात वर केला. म्हणाली, "भाषा गावठी आहे. पण चेहरा उपयोगाचा आहे."

मी पेढे वाटले त्या दिवशी. उपयोगाचा म्हणाली म्हणून. त्याची लाज अजून जात नाही.

तर त्या दिवसाचा सीन. वहिनीसाहेबांचा हार गेलाय. संशय माझ्यावर. भरल्या घरात माझी पिशवी पालथी करतात आणि हार माझ्या पिशवीत सापडतो. खरा चोर त्यांचाच मुलगा, त्यानंच तो ठेवलेला, पण ते पुढच्या आठवड्यात उघड होणार. आज मी पाया पडायचं, रडायचं आणि म्हणायचं. कागद सकाळीच हातात आला. त्यावर लिहिलं होतं, "माफ करा वहिनीसाहेब. आमची जातच चोराची."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. 

कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नऊ वर्षांची असताना. आई पणदऱ्याकडं एका मोठ्या घरी धुणंभांडी करायची. सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेलेले. त्या घरातली चांदीची वाटी सापडेना. मालकिणीनं आईला अंगणात उभं केलं. पदर झाडायला लावला. मग कनवटीला हात घातला. गडीमाणसं बघत होती. आई हात वर करून उभी.  मालकीण म्हणाली, "ह्यांची जातच चोराची." दोन दिवसांनी वाटी त्यांच्याच देवघरात, हाराफुलांच्या निर्माल्याखाली सापडली. आईला कुणी सांगितलंसुद्धा नाही. त्यांच्या गड्याकडून कळलं. आई तिसऱ्या दिवशी परत कामाला गेली.

आम्ही दलित. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. तिथल्या प्रत्येक घरात असं एक अंगण आहे, जिथं कुणीतरी हात वर करून उभं होतं.

मी दिग्दर्शकाकडं गेले. म्हटलं, "सर, हे वाक्य मी म्हणणार नाही."

तो मोबाईलमध्ये होता. "कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"अगं, जात म्हणजे स्वभाव. कुणाच्या जातीचं नाव घेतलंय का आपण?"

"मग वहिनीसाहेबांच्या तोंडी घाला. चोरी त्यांच्या पोरानं केलीय. पुढच्या आठवड्यात त्या म्हणतील का, आमची जातच चोराची?"

 वहिनीसाहेब झालेली नटी आरशातून माझ्याकडं बघत राहिली.

दिग्दर्शकाचा आवाज चढला. "तुला काय फरक पडतो? पात्र आहे ते. तू खरंच त्यातली आहेस का?"

अकरा वर्षं मी शुद्ध बोलायला शिकले होते. त्या क्षणाला ते सगळं गळून पडलं.

"हाय," मी म्हटलं. "त्यातलीच हाय मी."

 मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "ड्रामा करू नको. साठ माणसं थांबलीत तुझ्यामुळं." मी साडी उतरवली, माझा ड्रेस घातला. बंगल्याच्या मागच्या नळावर तोंड धुतलं. काळं पाणी उसाच्या पाटात गेलं. मग रस्त्याला आले आणि एसटीला हात केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई आली. माझीच साडी, माझीच अंबाड्याची गाठ. मी तिला ओळखते, बारामतीत एकत्र नाटकं केलीत आम्ही. पंधरवड्यानं तो एपिसोड लागला. मी आणि आई घरी बघत होतो. तिनं वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. डोळ्यांत पाणीबिणी आणून.

आईनं टीव्ही बंद केला.

"येक वाक्य तर व्हतं," आई म्हणाली. "म्हणून टाकायचं. हातचं काम घालवलंस. आमी काय काय ऐकून घेतलं."

"तू ऐकून घेतलंस, आई. आता ते मीच बोलू व्हय?"

"ऐकलं म्हणून तू शिकलीस."

  आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मी चॅनेलला पत्र लिहिलं. त्या वाक्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्याची पोच घेतली. ते वाक्य म्हणणारीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, मला पोरं हायती." मी तिला शिव्या घालणार होते. घातल्या नाहीत. तिच्याशी माझं भांडण नाही.

परवा निर्मात्याचा फोन आला. पहिल्यांदाच स्वतः. आवाज मधाचा. नव्या मालिकेत सरपंचबाईचा रोल आहे, दोन वर्षं चालेल, अर्ज तेवढा मागं घे. वर म्हणाला, "या लाइनमध्ये भांडखोर बायका टिकत नाहीत."

मी म्हटलं, "अर्ज मागं येणार नाही." आणि फोन ठेवला.

आता काम येत नाही. येईल तेव्हा करीन. मोलकरणीचं आलं तरी करीन, त्यात कमीपणा नाही, माझी आई मोलकरीण होती. पण कागद आधी वाचीन. माझ्या माणसांना चोर म्हणणारं वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातलं, तर तिथंही मी अर्ज घेऊन उभी राहीन. मला माफी पाहिजे. फोनवर नको, बंद खोलीत नको. ज्या वेळेला ते वाक्य घराघरांत गेलं, त्याच वेळेला, त्याच पडद्यावर पाहिजे. ती येईपर्यंत मी हटणार नाही.