धाकटीचा जड हात

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, केसांत पांढरं डोकावू लागलं, चष्मा लागला, तरी धाकटी ती धाकटीच राहिली. थोरला एकच, दादा. तो बायकोबरोबर वेगळा राहायचा, पण एकदा बोलला की आई आणि धाकटीच्या घरात विषय संपला. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, आईचा गुडघा कोणत्या डॉक्टरला दाखवायचा, धाकटीनं नोकरी बदलावी की नाही, सगळं दादाला विचारून. त्यात तिला कधी काही खुपलं नाही. उलट आपल्या डोक्यावर कोणीतरी आहे, याचा तिला आधारच वाटायचा.

ती एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होती. कारखान्याच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. गिऱ्हाइकाच्या मनातलं स्वयंपाकघर कागदावर पेन्सिलीनं उतरवून दाखवणं हे धाकटीचं काम. पुढे गिऱ्हाइकं बदलली. कपाटाचं दार उघडलं तर फ्रिजवर आपटेल का, खिडकीतून ऊन आलं की ओट्याचा रंग कसा दिसेल, हे त्यांना पडद्यावर फिरवून फिरवून बघायचं असे. मिस्त्री म्हणाला, "शीक तू. मापातलं तुझ्याइतकं कोणाला कळतंय इथं?" आणि धाकटी शिकली, रडत-कुढत का होईना, पण शिकली. फक्त असली चित्रं फिरवायला साध्या संगणकाचा जीव पुरत नाही. त्याला गेम खेळणारी माणसं वापरतात तसला दांडगा लॅपटॉप लागतो.

तसा एक दादाकडे होता. दिवसभर कचेरीत मान मोडून आल्यावर तो गाड्यांच्या शर्यती खेळत बसायचा. त्यानं नवा घेतला आणि जुना एका रविवारी आणून धाकटीच्या मांडीवर ठेवला.

"घे. तळहाताच्या फोडासारखा जपलाय."

आईचे डोळे भरून आले. धाकटीनं लॅपटॉप उघडून बघितला. मनगटं टेकतात ती जागा घासून घासून गुळगुळीत झाली होती, पण कीबोर्डवरची अक्षरं कशी कोरी करकरीत होती. तिला वाटलं, किती हलक्या हातानं वापरलाय यानं! मिस्त्री कारखान्यासाठी नवा संगणक घ्यायला निघाला होता, त्याला तिनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "नको. माझ्या दादानं दिलाय."

लॅपटॉप तापायला लागला तो जवळजवळ पहिल्यापासूनच. चित्र जरा मोठं झालं की पंखा विमान उडाल्यासारखा घरघरायचा, पडद्यावरचं कपाट अडखळत फिरायचं आणि उजव्या बाजूला बोट टेकवलं तर चटका बसायचा. तिनं दादाला फोन केला.

"उशीवर ठेवत असशील."

"नाही रे. टेबलावरच असतो."

"मग टेबल भिंतीला चिकटलेलं असेल. हवा नको का लागायला? गेमचं मशीन आहे ते, जरा जाणून वागवावं लागतं."

तिनं टेबल भिंतीपासून ओढलं. भांडी निथळत ठेवायची जाळी धुऊन-पुसून लॅपटॉपखाली सरकवली. तरी तो तापतच होता. दादा म्हणाला, एका वेळी पडद्यावर फार खिडक्या उघडतेस. तिनं त्या बंद केल्या. दादा म्हणाला, धूळ बसली असेल, तुमच्या घरात धूळ फार. तिनं रंगाच्या ब्रशनं लॅपटॉपच्या जाळ्या साफ केल्या, खोलीत दोनदा ओलं फडकं फिरवायला लागली. मग काम करता करता पडदा एकदम निळा पडायला लागला, कधी उभ्या रेघा उमटायला लागल्या. तापमान दाखवणारा एक प्रोग्राम तिनं स्वतःच शोधून बसवला. त्यातला आकडा तव्यावरच्या थेंबासारखा उसळायचा.

"उघडून बघू का रे आतून?" तिनं एकदा विचारलं.

"मुळीच नको! मी कधी उघडलेला नाही तो. उघडलास की कामातून गेलाच समज. आणि त्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे तर चुकूनही जाऊ नकोस. चोर आहे एक नंबरचा. आतला चांगला माल काढून घेतो आणि भंगार भरून देतो."

तिनं कानाला खडा लावला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एक नवराबायको त्यांचं नवं स्वयंपाकघर बघायला कारखान्यात आले होते. बाई खूश होऊन पुढे वाकली, म्हणाली, "आता तो वरचा कप्पा उघडून दाखवा ना." धाकटीनं बटण दाबलं आणि लॅपटॉप फट्कन बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. जळक्या प्लास्टिकचा बारीकसा वास सुटला. नवरा घड्याळ बघायला लागला. "यंत्रांमधलं मला काही कळत नाही हो," धाकटी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "माझा हातच जड आहे." ती दोघं विचार करून सांगतो म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाहीत. त्यानंतर मिस्त्री पडद्यावरची चित्रं बाहेरच्या एका माणसाकडून करून घ्यायला लागला, आणि धाकटी पुन्हा कागद-पेन्सिलीवर आली.

'हात जड' हा शब्द तिचा नव्हता, दादाचा होता. लहानपणी तिच्या हातून कपबशी फुटली की तो हेच म्हणायचा.

त्या रविवारी ती दादाकडे गेली आणि त्याच्यासमोर रडली. चाळिशी उलटलेली बाई, पण अगदी लहान मुलीसारखी रडली. "दादा, तुझा एवढा जपलेला लॅपटॉप माझ्यामुळे खराब झाला रे." वहिनी तिथेच भाजी निवडत होती. ती मान खाली घालून बसली. दादानं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, वेडी की काय! जाऊ दे. मी काही रागावलोय का? तुझा हात जडच आहे, त्याला तू तरी काय करणार?"

घरी येताना तिला किती हलकं वाटलं होतं. देवासारखा भाऊ आहे, असं ती आईला म्हणालीसुद्धा.

त्या हलकेपणातच तिनं ठरवलं की लॅपटॉप दुरुस्त करायचा आणि होता तसा दादाच्या हातात परत द्यायचा. त्याला आता आणखी त्रास द्यायचा नाही. तिनं व्हिडिओ बघितले, थांबवून थांबवून, मागे नेऊन. बारीक पेचकस आणला. टेबलावर पांढरी चादर अंथरली, लॅपटॉप उलटा ठेवला आणि एकेक स्क्रू ज्या जागेचा त्या जागेच्या क्रमानं वाटीत टाकला. मापाची सवय इथे उपयोगी पडली. दोन स्क्रूंची डोकी आधीच झिजलेली होती, कोणीतरी पेचकस घसरवल्यासारखी. हे तिला जरा चमत्कारिक वाटलं. कारण हा लॅपटॉप कधी उघडलेलाच नाही, असं दादा म्हणाला होता.

आत दोन पंखे होते. बॅटरीची वायर सोडवून तिनं पेन्सिलीच्या टोकानं डावा पंखा ढकलला, तो भिरभिरला. उजवा ढकलला, तो जागचा हलला नाही. पाती धरून बघितली तर बोटं चिकटली. पात्यांखाली तपकिरी, वाळलेल्या पाकासारखं काहीतरी होतं. तिनं व्हिडिओत बघितलं तसं केलं, डाव्या पंख्याची वायर उजव्याच्या जागी खोचली, बॅटरी जोडली, मशीन सुरू केलं. डावा पंखा तिथेही फिरला. म्हणजे वीज पोचत होती, पंखाच जाम झालेला होता.

आणि बिचारीच्या मनात पहिला विचार काय आला असेल? आपल्याच हातून कधी काही सांडलं का? ती त्या टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा ठेवत नव्हती. तरी तिनं सगळे महिने आठवून आठवून बघितले.

तसला पंखा गावभर शोधून कुठे मिळेना. जो तो एकाच दुकानाकडे बोट दाखवायचा, बाजारातल्या त्या दुरुस्तीवाल्याच्या. शेवटी जीव मुठीत धरून ती गेली. लॅपटॉप छातीशी धरलेला, तोंड फुगलेलं. खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"माझ्या डोळ्यांसमोर उघडायचा. आतलं काही इकडचं तिकडे झालेलं चालणार नाही."

दुरुस्तीवाला पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. त्याला हसू आलं. "बाई, बसा की. हातात टॉर्च घेऊन बसा हवं तर." तो झाकण काढत काढत आपल्या मेहुण्याच्या गाडीची काहीतरी कथा सांगत होता, ती त्यानं मधेच तोडली. पंखा बाजूला करून त्यानं बोर्डाच्या कोपऱ्यावरची काळी चिकटपट्टी चिमट्यानं उचलली. खाली एक इवलंसं गोल स्टिकर होतं, लालभडक.

"हे मुळात पांढरं असतं," तो म्हणाला. "ओलं झालं की लाल होतं. आणि ही पट्टी माझीच आहे. हा लॅपटॉप माझ्याकडे येऊन गेलाय."

"नाही. हा माझ्या दादाचा आहे. हा कधी उघडलेलाच नाही."

"चष्म्यावाले? हनुवटीवर व्रण आहे ते?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी दादा झोक्यावरून पडला होता, त्याचा तो व्रण.

"गेम खेळताना कोल्ड्रिंकचा अख्खा पेला उलटला होता यावर," दुरुस्तीवाला सांगत होता. "कीबोर्ड सगळा चिकट झालेला. तो नवा टाकला, बोर्ड धुतला. पण साखर आत गेली की ती हळूहळू खातेच. हा हिरवा थर बघा. मी त्यांना म्हटलं होतं, यावर आता पत्रं लिहा, सिनेमा बघा, जड काम करू नका, आणि विकायचा तर सांगून विका. हा लाल ठिपका झाकायला ही पट्टी लावा असं तेच म्हणाले. मी लावली. मी तरी नाही म्हणायला हवं होतं."

"माझ्यामुळे नाही झालं हे?" धाकटीनं विचारलं. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

"तुमच्यामुळे? बाई, तुम्ही इतके दिवस हा चालवला कसा, याचंच मला नवल वाटतंय."

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अगं, त्याच्या लक्षात नसेल राहिलं. भाऊ आहे तो तुझा. उगाच शब्द वाढवू नकोस."

धाकटीनं त्या दिवशी पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही.

ती तडक दादाच्या घरी गेली. दादा सोफ्यावर होता, मांडीवर नवा लॅपटॉप. तिनं जुना टीपॉयवर ठेवला. काळी पट्टी वर डकवून आणली होती. पट्टी बघून त्याचे कान लाल झाले, पण आवाज तसाच राहिला.

"गेलीसच शेवटी त्या चोराकडे?"

"तो चोर नाही, दादा."

"बरं, सांडलं होतं थोडंसं. मग? फुकटच दिला होता ना? फुकटचं घ्यायचं आणि वर..."

"लॅपटॉपचं जाऊ दे रे," धाकटी म्हणाली. "लॅपटॉप तू भंगारात टाकायच्या ऐवजी मला दिलास, ते मी गिळलं असतं. पण मी इथे, याच जागी बसून रडले. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मला माफ केलंस! तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

दादा पडद्याकडे बघत राहिला. त्याची बोटं कीबोर्डवर उगाचच काहीतरी दाबत होती.

"मी म्हटलं होतं यांना, सांगा म्हणून," वहिनी दारातून हळूच म्हणाली.

"आणि मग तूही मूग गिळून बसलीस," धाकटी म्हणाली आणि चपला घालून निघाली. राग तर होताच. पण मेलं, त्याहून जास्त लाज वाटत होती. इतकी वर्षं 'हात जड' हा जो शब्द खरा मानला, तो असा वापरायला ठेवलेला होता, आणि आपणच तो दर वेळी त्याच्या हातात नेऊन दिला!

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीपुढे जाऊन उभी राहिली. झालेलं सगळं सांगितलं. लॅपटॉप आधीचाच खराब होता, तिच्यामुळे नव्हे, हे दोनदा सांगितलं. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली.

"तुझ्यामुळे झालं असं मी कधी म्हटलं?"

"मग काम काढून का घेतलंत?"

"तूच गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, मला यंत्रांमधलं कळत नाही, माझा हात जड आहे. मला वाटलं, पोरीला झेपत नाहीये, कशाला छळा."

मिस्त्रीनं कारखान्यासाठी संगणक आणवला, तो भला मोठा खोका बसवायला तीच टेबलाखाली शिरली. बाहेरच्या माणसाचं अर्धं काम तिच्याकडे आलं. अर्धं राहिलं त्याच्याकडेच, कारण तोवर तो मिस्त्रीच्या सवयीचा झाला होता. ते तिला आजही लागतं.

दादा नंतर बरेच रविवार आला नाही. मग एकदा आला, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. आईनं त्याला पाणी दिलं. आईचा मोबाइल चार्ज होत नव्हता, तो पुढे होऊन म्हणाला, "आण, बघतो."

"राहू दे," धाकटी म्हणाली. "मी बघते."

तिनं सुईच्या टोकानं खाचेतला धुळीचा इवला बोळा अलगद काढला आणि वायर जोडली. दादा म्हणाला, "वा! शिकलीस की." तिनं मोबाइल आईच्या हातात दिला. तो थोडा वेळ आईच्या गुडघ्याबद्दल बोलला, खोलीतल्या कळकट पडद्यांबद्दल बोलला आणि उठला. दर वेळी ती त्याला खाली फाटकापर्यंत सोडायला जायची, फाटकाशी त्यांच्या अर्धा-अर्धा तास गप्पा चालायच्या. त्या दिवशी तो दारात जरा रेंगाळला. धाकटीनं टेबलावरचा स्वयंपाकघराचा आराखडा पुढे ओढला आणि ओट्याची उंची लिहायला घेतली. आईच उठली, गुडघा धरत धरत, आणि त्याच्यामागे जिना उतरू लागली.